चाखलेली माती

१ डिसेंबर

आक्का, तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की बाटली नुसती उशाशी घेऊन झोपतेस? दाजींची शुगर खाली आली का, की अजून देवापुढचा पेढा उचलतात? तुझ्या सौरवचं पित्त? त्याच्या बायकोची कंबर? धाकट्या प्रियदर्शनीचा खोकला गेला का? फोन करावा तर निपाणीतनं मी बोंबलायचं आणि अनगोळात तू "कोण बोलतंय? ऐकू येत न्हाय," म्हणून ठेवून द्यायचं. त्यापेक्षा हे लिहिणं बरं. वही पाठवीन की नाही ते देव जाणे. पाठवायची नसली म्हणजे खरं लिहिता येतं.

आता आमची खुशाली. नागेंद्र बरा आहे, कागलच्या कारखान्यात पाळी बदलली की तेवढा चिडतो. सूनबाई ऋतिका बरी. मी बरी. हे पण बरे आहेत. चालताना पाय घासतात, पण ते नव्या चपलेमुळं असावं, जड आहे ती. बसले की डाव्या हाताची बोटं आपली आपण हलतात, चिमटीत मातीची गोळी वळल्यासारखी. जन्मभर मातीत हात, सवय कुठं जाणार?

मुख्य गोष्ट सांगायची राहिली. मी शाळेत जाते. हसू नको. सातवीत आपल्या आईनं दप्तर काढून हातात माठ घडवायची थापी दिली होती, तिथनं पुढं वाचायला शिकले ते रद्दीच्या कागदांवर. आता बाहेरून दहावीला बसणार. चिकोडीला बायकांना मातीकाम शिकवायचं केंद्र निघतंय, शिकवायला बाई पाहिजे आणि बाई दहावी पास पाहिजे. अनुराधा मॅडम दुपारचा वर्ग घेतात. त्याच म्हणाल्या, "रोज पानभर काहीतरी लिहा, म्हणजे हाताला वेग येईल." म्हणून हे.

९ डिसेंबर

वर्गात आम्ही सगळ्या बायका. एक भाजी विकते, एक विडी वळते. बाकावर माझे गुडघे मावत नाहीत. मॅडमनी फळ्यावर क्ष काढला आणि म्हणाल्या, याची किंमत आपल्याला माहीत नाही असं समजू. विडीवाली म्हणाली, "समजायचं कशाला मॅडम, खरंच माहीत न्हाय." वर्ग हसला. मी पण हसले, पण घरी येईपर्यंत वाटेत तो क्ष बोटानं तळहातावर गिरवत होते.

ह्यांना सांगितलं तर हसले नाहीत. हल्ली हसतच नाहीत. दगडावर डोळे काढावेत तसा चेहरा. मी शाळेत जाते ते त्यांना आवडलेलं नाही. तोंडानं म्हणाले होते, "जा की, मी हाय घरात." पण तोंडाला कोण विचारतंय, चेहरा बघते ना मी.

२० डिसेंबर

नागेंद्रनं नव्या घराचा नकाशा आणला. जुनं कौलारू पाडून स्लॅबचं करायचं. पुढं हॉल, मग स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. जिन्याखाली एक लहानशी चौकट, त्यात इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"ती युटिलिटी गं आई. म्हंजे तुझं सामानसुमान, तुझी कॉट, सगळं बसतंय त्यात."

पोरगं किती विचार करतं बघ. माझ्यासाठी वेगळी खोली, जिना चढायला नको म्हणून खालीच.

मग मी विचारलं, "आणि माठ भाजायचा आवा कुठं दिसंना?"

ऋतिका चहाचे कप उचलायला लागली. नागेंद्र म्हणाला, "आई, मागच्या परड्यातनं जिना काढायचाय आणि गाडी लावायचीय. आता धूर कोण सोसतंय? शेजारचे तोंडावर बोलत न्हाईत एवढंच."

तेव्हा हे बोलले. इतक्या हळू की दोनदा विचारावं लागलं. "ह्या उन्हाळ्याचं माठ बघा. गल्लीनं उचललं तर आवा ऱ्हाऊ दे, जिना पुढनं काढ. न्हाय उचललं तर पाड."

नागेंद्रनं बापाच्या पायावर हात ठेवून कबूल केलं. आक्का, आपल्या घरात भांडण असं मिटतं हे मला आवडतं. पण रात्री जीव राहीना. ह्या आव्याशिवाय मी कोण?

५ जानेवारी

चाचणी झाली. गणितात नापास. मराठीत बरे गुण.

जेवताना ह्यांनी आमटीत मीठ मागितलं. दिलं. परत मागितलं. मी म्हटलं, "समुद्र करायचाय का?" तर म्हणाले, "अळणी झालीया." ऋतिकानं चाखून माझ्याकडं बघितलं. तिचं तोंड खारट झालं होतं. मी समजले, म्हाताऱ्याला माझा स्वयंपाक रुचेनासा झालाय. बायको पुस्तक घेऊन बसते ना. गेल्या आठवड्यात दूध नासलं होतं, तो पेलाही गप पिऊन टाकला. राग दाखवायची ही काय रीत?

२८ जानेवारी

मागची भिंत आज पाडली. गवंडी मारुतीराव बरा माणूस, पण त्याची पोरं उंडगी. जुन्या भिंतीचा चुन्याचा गिलावा खरवडला आणि राडारोडा सगळा माझ्या मातीच्या ढिगावर नेऊन टाकला. मी वर्गातनं आले आणि उभी राहिले.

"मारुतीराव, ही तळ्याची माती हाय. दोन पावसाळं मुरवलीया."

"व्हय काय? माती मातीतच मिसळली की मावशी," असं म्हणून वर हसला.

मी आणि ऋतिकानं वरचा थर खोऱ्यानं ओढून टाकला. पोरीला चौथा महिना लागलाय, तरी वाकली. मी म्हटलं बस, तर म्हणे, "आत्ती, तुमचा आवा ऱ्हायला तर मला बी बरं. घरात कुणीतरी आपल्या मनासारखं करतंय असं दिसतंय तरी." तिच्या बोलण्याचा अर्थ मला नीट लागला नाही. बँकेतली नोकरी तिनं लग्नानंतर सोडली, ती आपल्या मर्जीनंच सोडली होती.

३ फेब्रुवारी

आज माती तुडवायला घेतली. आपल्या माहेरी नव्हती, पण ह्यांच्या घरात एक रीत आहे, तुला ठाऊक असेल. पाय घालायच्या आधी घरचा कर्ता चिमूटभर माती जिभेवर ठेवतो. खारट लागली तर वेगळी काढायची, चुन्यानं जीभ ओढली तर टाकून द्यायची. तो "हं" म्हणाला की माती चांगली. आणि एकानं चाखली की दुसऱ्यानं तोंडाला लावायची नाही, त्याच्या जिभेचा अपमान होतो. मी सून होऊन आले तेव्हा सासरे चाखायचे. मग हे. मी कधीच नाही.

मी पाय धुऊन उभी. ह्यांनी माती घेतली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. बराच वेळ लागला. मला वर्गाला उशीर होत होता. मग म्हणाले, "हं."

उद्या इतिहासाची उजळणी. पाय अजून गार आहेत.

१७ फेब्रुवारी

आज आवा उघडला. आक्का, असे माठ कितीतरी वर्षांत निघाले नव्हते! लाल, एकसारखे, टिचकी मारली की देवळातली घंटा. ह्यांचे हात थरथरतात म्हणून थापीचं काम बहुतेक मीच केलं होतं, पुस्तक समोर टेकवून. नागेंद्रनं एक उचलून कानाशी वाजवला आणि म्हणाला, "आप्पा, ह्यो तर गातोय रं!" बापाला रं म्हणाला, इतका खूश. हे मात्र तसेच. दगड.

२४ फेब्रुवारी

सगळे माठ गेले. आख्खी गल्ली, शिवाय वरच्या पेठेतनं लोक आले. मागच्या घरच्या तारामती वहिनींनी दोन नेले, एक त्यांच्या लेकीकडं चिकोडीला पाठवला. संध्याकाळी नागेंद्रनं मारुतीरावाला माझ्यादेखत सांगितलं, "जिना पुढनं घ्या. परडं तसंच ऱ्हाऊ द्या." मी आत जाऊन देवापुढं दिवा लावला. ह्यांना म्हटलं, "झालं न्हवं तुमच्या मनासारखं?" तर भिंतीकडं बघत होते.

४ मार्च

सकाळी तारामती वहिनी आल्या. पदराखाली हात.

"रुक्माबाई, रागावू नका बरं का. तुमचा माठ रडतोय."

"नवा माठ पाझरणारच वहिनी. दोन दिवस थांबा."

"पाझरत न्हाय हो, धार लागलीया. आमच्या ह्यांची पोथी भिजली. मी म्हटलं, पोथीनं बी अंघोळ करावी कधीतरी."

हसवायचा प्रयत्न करत होत्या बिचाऱ्या. मी जाऊन बघितलं. माठाच्या पोटावर टिकलीएवढा पोपडा उडालेला आणि आत पांढरा कण. मी बोटानं दाबला तर पीठ झालं.

चुना. आव्यात भाजतो तोवर गप बसतो. पाणी प्याला की फुगतो आणि माठ फोडून बाहेर येतो.

एकाच माठात आला असेल. एखादा खडा चुकतो.

७ मार्च

एकाच माठात नाही.

रोज येताहेत. काही जण दारात हाक मारून देतात, काही जण पायरीवर ठेवून निघून जातात. आज पहाटे सडा घालायला दार उघडलं तर पायरीवर तीन होते, एकाला अजून हार होता. लग्नातला असेल. ऋतिकानं ते मागं नेऊन पालथे घातले. मला म्हणाली, "आत्ती, तुमी आत जावा. अभ्यास करा." कसला अभ्यास करू? पुस्तक उघडलं की अक्षरांचे पोपडे उडतात.

दुपारी ढिगात उरलेली माती चिमटीत घेतली आणि जिभेवर ठेवली. ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. आक्का, जीभ अशी ओढली गेली की डोळ्यांत पाणी आलं. शेंबड्या पोरालाही कळावं इतका चुना.

मग ह्यांना कसा कळला नाही?

९ मार्च

हे लिहू की नको असं झालंय. पण ही वही माझी आहे.

मी विचारलं. सरळच विचारलं.

"तुमी चाखली न्हवं?"

"चाखली."

"मग चुना कळला न्हाय?"

बोटं तेवढी हलत होती.

"मी शाळेला गेलेलं तुमाला खुपलं. ते तोंडानं सांगायचं. त्यासाठी आवा घालवायचा?"

माझ्याकडं बघितलं. त्या चेहऱ्यावर काहीसुद्धा उमटलं नाही. ना राग, ना लाज. "तसं म्हण," म्हणाले.

मला वाटतं ह्यांनी मुद्दाम केलं. एवढी वर्षं एका चाकावर दोघांनी हात ठेवला आणि माझ्या हातात पेन आलेलं ह्यांना बघवलं नाही. हे लिहिताना माझं मलाच भ्या वाटतं, पण दुसरं काही सुचत नाही. दुसरं काही असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

१५ मार्च

माठ सगळेच येणार. चिकोडीचासुद्धा आला. नागेंद्र काही बोलला नाही. आपलंच पोर आपल्याला टाकून बोलत नाही तेव्हा समजायचं, त्यानं ठरवून टाकलंय. मारुतीरावाची पोरं परड्यात गाडीच्या जागेसाठी दोऱ्या धरून चुन्याच्या रेघा ओढत होती. मी ह्यांच्याशी बोलत नाही. ताट वाढते, उचलते.

२१ मार्च

मराठीचा पेपर होता. निबंध बरा लिहिला. हाताला खरंच वेग आला होता, ऋतिकाला सांगायचं म्हणून रिक्षातनं घाईनं घरी आले.

परडं मोकळं होतं.

आवा नाही. जमीन सपाट, जेसीबीच्या चाकांच्या रेघा, आणि आव्याच्या जागेवर काळी राख एवढी पसरलेली की वाटावं इथं कुणाला जाळलंय. विटा एका कडेला रचून ठेवलेल्या. नागेंद्र धावत आला.

"आई, मी पेपर संपस्तवर थांबणार हुतो. देवाशप्पथ. आप्पांनीच सकाळी जेसीबी बोलवायला लावला. तू गेलीस आणि लगेच."

हे फुटक्या कौलांच्या ढिगावर बसले होते. मी त्यांच्यापुढून आत गेले. ऋतिकानं पाणी दिलं. मी पेपराचे कपडेसुद्धा बदलले नाहीत. पुढनं उभ्या राहिलेल्या जिन्याखालच्या त्या चौकटीत, जिथं अजून दारसुद्धा नाही, तिथं जाऊन बसले. खोली खरंच लहान आहे. कॉट मावेल, पण मग माणूस मावणार नाही.

२२ मार्च

सकाळी हे त्या चौकटीच्या तोंडाशी आले. जमिनीवर बसायला त्यांना किती वेळ लागला, ते मी बघत होते आणि हात दिला नाही.

"रुक्मे, मार मला. पर गप बसू नको."

"आवा का पाडलासा?"

"माझ्या हातनं परत गल्लीला फुटकं जायाला नको."

"ह्यावेळी गेलं न्हवं? ठरवून पाठवलंसा न्हवं?"

बाहेर मारुतीराव कुणालातरी शिव्या देत होता.

"मला चव लागत न्हाय," ते म्हणाले.

"कशाची?"

"कशाचीच. दसऱ्यापासनं. वासबी न्हाय. तू काय वाढतीस ते डोळ्यानं बघतो आणि खातो."

आक्का, मला आमटी आठवली. नासलेलं दूध आठवलं. मी म्हटलं, "मग त्या दिवशी 'हं' कशाला म्हणालासा?"

"मग काय म्हणू? तू पाय धुऊन उभी हुतीस."

मी माझ्या पायांकडं बघितलं.

"जीभ गेली म्हटलं असतं," ते म्हणाले, "तर चाखणं पोराकडं द्यावं लागलं असतं. त्याला नको हाय. मग चाक कुणाचं? म्हटलं, एवढा एक आवा. माती आपल्या तळ्याचीच हाय, आजवर कधी दगा दिला न्हाय."

गिलाव्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. मी आणि ऋतिकानं राडारोडा ओढला तेव्हा ते आत झोपले होते, आणि मी सांगितलं नाही, कारण ते चाखणारच होते.

त्यांचा चेहरा तसाच होता, पण डोळ्यांतनं पाणी खाली येत होतं. ज्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही त्यावरनं पाणी येताना बघवत नाही गं.

२३ मार्च

हे पान तेवढं फाडून टपालात टाकते. बाकीची वही राहू दे.

आक्का, तुझ्या कानासाठी सौरवनं ते कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठले होते ना, त्यांच्याकडं ह्यांना दाखवायचं आहे. नाक आणि घसा बघतात म्हणजे जीभ पण तेच बघत असतील. चव गेली आहे, वासही येत नाही, एवढंच दुखणं आहे. पाय घासतो आणि हात हलतो ते मी डॉक्टरांना सांगणार नाही. एका वेळी एकच सांगावं, नाहीतर तेही गोंधळतात. ऋतिका म्हणते हे सगळं एकाच दुखण्याचं असंल, पण ते काही दुखणं नव्हे, वय झालं.

सौरवला विचारून गुरुवारचा नंबर लावायला सांग. त्या दिवशी माझा गणिताचा पेपर आहे, पण तो राहू दे. अनुराधा मॅडम म्हणतात, परीक्षा परत देता येते. ऋतिका मात्र भडकली. "आत्ती, मी नेते त्यांना, तुमी पेपर द्या," म्हणाली. ह्या अवस्थेत पोरीला एस.टी.त कुठं पाठवू? आणि डॉक्टरांसमोर ते बोलणार नाहीत, त्यांच्या वतीनं मलाच बोलावं लागेल.

जिभेवर काहीतरी औषध असेलच. थेंब असतील, मलम असेल. आजकाल सगळ्याला निघालंय. जीभ आली की बाकीचं होईल. आमचा आवा परवा पाडला, पण विटा मी नागेंद्रला टाकू दिलेल्या नाहीत. आवा काय, कुठंही बांधता येतो. तुझ्या मागच्या परसात ती पपईच्या कडेची जागा अजून रिकामी आहे का? धूर वरच्या वाऱ्याला जातो, दाजींना त्रास होणार नाही.

बुधवारी संध्याकाळच्या गाडीनं दोघं येऊ. या म्हण नाहीतर नको म्हण, मला राग येणार नाही. पण दोन ओळी लगेच लिही, सौरवला म्हणावं टपालाची वाट बघू नको, कुणाच्यातरी हाती पाठव. मी दाराशीच बसून आहे.

तुझी,
रुक्मा